कानवाले कप आणि बोळिंजचा इन्स्पेक्टर

आमच्या ऑफिसच्या खाली पिठाची गिरणी आहे. सकाळी टेबल पुसा, अकरा वाजता त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. किस्स्यांचं पण सेम तसंच. एक झटकला की त्याच जागी दुसरा येऊन बसतो! आता तुम्ही बसलाच आहात तर सगळे एकदम झटकते. नाकाला रुमाल लावा.

ऑफिस म्हणजे काय, माणिकपूरला एक खोली, एक टेबल, एक फोन आणि पाटी: 'पेशंट सांभाळायला बाई मिळेल.' ब्युरो माझ्या सुमनआत्याचा. कोणाचे आजोबा पडले, कोणाच्या आईचं ऑपरेशन झालं, घरात बघायला माणूस नाही, की लोक आम्हाला फोन करतात. आत्या बाई पाठवते. अशा अठरा बायका आहेत. फोनवर मी. मी सोनल. दहावीला दोनदा आपटली, तिसऱ्यांदा बोर्डाने मला विचारलं नाही आणि मी बोर्डाला विचारलं नाही.

आत्याचं धंद्यातलं एकच तत्त्व. "सगळ्यांवर संशय घ्यायचा. पण चहा विचारून."

*

ह्या बाबतीत आत्याच्या वरताण एकच, कौसल्याबाई. आमची एक नंबर बाई. मिठागराच्या बाजूच्या गावातली, लिहिता-वाचता शून्य, पण डोळे असे की आजारी माणूस खोकायच्या आधी तिला कळतं कुठला खोकला येणार.

लोक बाईवर संशय घेतात ना? चमचे मोजतात, डबे हलवून बघतात. तर कौसल्याबाई पहिल्या दिवशी स्वतःच मोजायला बसते! मालकिणीला समोर बसवते आणि मोठ्याने, "चमचं आठ. एक वाकलेला. वाट्या बारा. बगून घ्या, मागनं मना बोलायचं नाय."

एका घरी महिन्याने काम संपलं. मालकीण म्हणाली, राहू दे गं, विश्वास आहे. कौसल्याबाई म्हणाली, "तुमचा असंल. माजा नाय." परत मोजले. चमचे निघाले नऊ!

मालकीण खूश. कौसल्याबाईने नववा उचलला, उलटा केला, मालकिणीच्या नाकासमोर धरला. "वाचा. ह्ये कोनाचं नाव हाय?"

त्यावर लग्नाच्या हॉलचं नाव होतं. मालकीण आदल्याच रविवारी लग्नाला जाऊन आली होती!

*

आता मेन गोष्ट. आत्याचे गुडघे गेले. आमच्या जिन्याला सोळा पायऱ्या, आत्या प्रत्येक पायरीला वेगळी शिवी देते. नाशिकहून तिची मुलगी रोज फोन करते, "आई, ये आता इकडे." शेवटी ठरलं. गणपती झाले की आत्या जाणार. तोपर्यंत ब्युरो कोणी विकत घेतला तर ठीक, नाहीतर टाळं. अठरा बायका घरी. आणि मी परत दहावीला!

गिऱ्हाईक आलं एकच. परबकाका, बोळिंजचे. कंपनीत सव्वीस वर्षं इन्स्पेक्शन डिपार्टमेंटला, मग व्हीआरएस घेतली आणि आता 'काहीतरी स्वतःचं' करायचं होतं. माणूस असा, की खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची हलवून बघायचा. बसल्यावर परत एकदा हलवायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी टेबल ठोकलं, पंखा एक ते पाचवर फिरवला आणि फोनची वायर हाताने चाचपत पार खिडकीबाहेर गेले. मग डायरी काढून म्हणाले, "सामान काही विशेष नाही. मग मी नेमकं विकत काय घेतोय?"

आत्या म्हणाली, "गुडविल."

"दाखवा."

"ते दाखवता येत नाही."

"मग मोजायचं कसं?"

आत्याने फोनकडे बोट केलं. "हा वाजला की समजायचं, ते गुडविल. आख्ख्या वसईत दवाखान्यादवाखान्यात आमच्या नंबराची चिठ्ठी लावलीय."

परबकाका घड्याळ काढून फोनसमोर बसले. दोन तास! त्या मेल्या फोनने ढेकर पण दिला नाही. आत्या पदराने फोन पुसून पुसून झिजवायला लागली. शेवटी एकदाचा वाजला. मी झडप घातली, ऐकलं, आणि रिसीव्हर परबकाकांना दिला.

त्यांची बायको होती. "अजून तिथेच बसलाय? घरी जेवायला कोण येणार?"

आत्या म्हणाली, "घ्या. आलं गुडविल, ते पण तुमच्याच घरचं!"

*

माझं डोकं चाललं. काका परत येणार होते त्या दिवशी मी माझा दोस्त सॅव्हियो ह्याला खालच्या पीसीओवर उभा केला, खिशात एक एक रुपयाची नाणी देऊन. दर दहा मिनिटांनी फोन, दर वेळी नवीन आवाज, नवीन पेशंट. सॅव्हियो चर्चच्या नाटकात दरवर्षी मेंढपाळ असतो, म्हणजे ॲक्टिंगचा प्रॉब्लेम नव्हता.

पहिले तीन फोन सुपर! आजोबांचा मोतीबिंदू, काकूंचा खुबा, मामांचं हार्ट. परबकाका प्रत्येक पत्ता डायरीत उतरवत होते. चौथ्या फोनला सॅव्हियोची आयडिया संपली आणि घाबरून त्याने शाळेतल्या एका मित्राच्या आजीचं नाव दिलं. उमेळ्याची आजी, केळीच्या वाडीतलं घर, सगळं खरं.

मला वाटलं, जिंकलो. पण इन्स्पेक्शनवाला माणूस! दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून उमेळ्याला जाऊन आला. आल्या आल्या पंखा पाचवर केला आणि म्हणाला, "सुमनताई, उमेळ्याची आजी मी बघून आलो."

"बरी आहे?" आत्याने विचारलं. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

"भिंतीवर आहे. हार घालून."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. आत्याने पदर खोचला. मग म्हणाली, "पाटीवर काय लिहिलंय? पेशंट सांभाळायला. जिवंतच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?"

परबकाका गेल्यावर माझा कान दहा मिनिटं आत्याच्या हातात होता. पण काका जिना उतरताना त्यांच्या शर्टावर मागे पिठाचा पांढराफटक पंजा उठलेला होता, आणि तो माझा होता. आख्खं माणिकपूर बघत होतं!

*

त्या दिवसापासून परबकाकांनी एकच धरून ठेवलं. "वही दाखवा."

आत्याच्या वहीत सगळी घरं आहेत, आजपर्यंत जिथे जिथे बाई गेली ती. आत्याला संशय, हा माणूस वही उतरवून घेणार आणि विकत काहीच न घेता स्वतःचा ब्युरो काढणार. काकांना संशय, वहीतली अर्धी घरं भिंतीवर हार घालून आहेत. शेवटी तोड निघाली. वही आत्याच्या हातात राहणार, काकांनी लांबून बघायचं, डायरी खिशात.

काका मान लांब करून बघत होते आणि एकदम म्हणाले, "हे काय?"

प्रत्येक नावाच्या बाजूला आत्याने पेनाने एक चित्र काढलेलं असतं. कुठे कानवाला कप, कुठे बिनकानाचा कप, कुठे नुसती बशी.

"आमचं आपलं असतं काहीतरी," असं म्हणून आत्याने वही मिटली आणि त्यावर बसली.

तुम्हाला सांगते, पण बाहेर बोलू नका. बाई नवीन घरी जाऊन आली की आत्या तिला एकच प्रश्न विचारते. पगार नाही, पेशंट कसा आहे ते नाही. फक्त, "कप?"

घरातली माणसं ज्या कपातून पितात त्यातूनच बाईला चहा दिला, तर कानवाला कप. तिचं भांडं वेगळं ठेवलं, फुटका कप, खिडकीतला ग्लास, काहीही, तर बिनकानाचा. चहाच नाही विचारला तर नुसती बशी. आमच्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही, पण चित्र कळतं. बघतात आणि ठरवतात, ह्या घरी जायचं की नाही. मोठमोठ्या बंगल्यांसमोर बिनकानाचे कप आहेत. आणि स्टेशनजवळ एका रिक्षावाल्याची एक खोली आहे, त्याच्या नावापुढे कानवाला कप, बशी आणि आत्याने खूश होऊन काढलेलं एक बिस्कीट!

*

परबकाकांची झोप उडाली. पुढच्या खेपेला आत्या कोपऱ्यात स्टोव्हवर चहा ठेवत होती तेव्हा त्यांनी मला चॉकलेट दिलं. हळूच म्हणाले, "मुली, ते कप म्हणजे डॉक्टरांचं कमिशन ना?"

मी चॉकलेट आधी खाल्लं. खाऊन झाल्यावर म्हटलं, "काका, कोणाला सांगू नका. कानवाला कप म्हणजे शुगरचा पेशंट. बिनकानाचा म्हणजे शुगर नसलेला."

"आणि बशी?"

"बशी म्हणजे अजून रिपोर्ट आला नाही."

काकांचे डोळे चमकले. "कानवाले किती आहेत?"

"जास्त तेच."

"शुगरचा पेशंट वीस-वीस वर्षं जातो," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे परमनंट गिऱ्हाईक!"

आत्या चहा घेऊन आली तर काकांनी आपणहून भाव वाढवला. न मागता! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने काहीतरी न मोजता पास केलं असेल.

मला वाटलं आत्या नाचेल. कुठलं काय! काका गेल्यावर ती गुडघ्याला तेल चोळत बसली आणि म्हणाली, "सोने, माणूस भाव पाडतो तेव्हा तो गिऱ्हाईक असतो. आपणहून वाढवतो तेव्हा तो चोर असतो. नजर ठेव."

*

नजर ठेवावी लागलीच नाही. दोन दिवसांनी फोन आला. तोंडावर रुमाल धरलेला आवाज. "मी सावंत बोलतोय, बोळिंजहून. वडिलांना लकवा झालाय. डावी बाजू पूर्ण गेलीय. दिवसाची बाई हवी."

आवाज परबकाकांचा! रुमालातून पण त्यांचा तो मोजून मापून बोलायचा आवाज कळत होता. मागून एक म्हातारा ओरडला, "अरे, माका आजारी केवापासना पडूचा आसा?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून आत्याला सांगितलं. काका आमची बाई चेक करायला स्वतःच्या बापाला झोपवतायत!

आत्या हसली. "पाठव कौसल्याला. तिला काही सांगू नकोस. बघूया किती वेळ लागतो."

संध्याकाळी कौसल्याबाई आली, चप्पल काढली, म्हणाली, "ताई, पेशंटची बाजू बदलते."

"म्हणजे?"

"पानी दिलं तर उजव्या हातानं घेतलं. जेवन दिलं तर उजवा मेलेला, डावा चालू. मी इचारलं, आप्पा, लकवा कुटं हाय? त्ये म्हन्ले, पोरगा घरात असला की आठवतं."

पोरगा बाहेर गेला की आप्पा उठून गॅलरीत फेऱ्या मारायचे आणि कौसल्याबाईला गावच्या फणसांच्या गोष्टी सांगायचे. स्कूटरचा आवाज आला की पळत जाऊन पलंगावर! एकदा घाईत तोंड वाकडं करायचं राहिलं, ते कौसल्याबाईने आठवण करून दिली.

आम्ही हसून हसून आडवे. मग आत्याने डोळे पुसले आणि सवयीने विचारलं, "कप?"

कौसल्याबाई साडीचा काठ नीट करत बसली. "स्टीलचा गलास. खिडकीत ठेवलाय येगळा. बुडाला नाव हाय कोनाचं तरी, तेराव्याला वाटलेला असनार."

 आत्याने वही काढली, नवीन पान उघडलं, 'परब, बोळिंज' लिहिलं आणि पुढे बिनकानाचा कप काढला. "ह्याला नाही विकणार."

मी म्हटलं, "आत्या, दुसरं गिऱ्हाईक कुठाय? गणपती पंधरा दिवसांवर आले!"

कौसल्याबाई पण म्हणाली, "ताई, गलासाचं काय यवडं? चा तर तोच असतो."

"चहा तोच आहे ना? मग कप पण तोच असू दे," आत्या म्हणाली. "ज्याच्या घरात एका बाईला कप नाही, त्याच्या हातात अठरा देऊ? सोने, उद्या जाऊन सांगून ये. विकायचं नाही."

*

मी बोळिंजला गेली. तिसरा मजला. दारावरच्या पाटीवर कागद चिकटवून 'सावंत' लिहिलं होतं, आणि खालून 'परब'चा 'ब' बाहेर आलेला!

दार काकांनीच उघडलं, लुंगीवर. मला बघून पांढरे पडले.

मी विचारलं, "सावंत आहेत का?"

"ते... बाहेर गेलेत. मी शेजारी आहे."

आत आप्पा पलंगावर, तोंड वाकडं, डावा हात लटकलेला. कौसल्याबाई त्यांचे पाय चेपत होती. काकू चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये चार कप, निळ्या फुलांचे, काकांना, काकूंना, मला, आप्पांना. मग त्यांनी खिडकीतला ग्लास घेतला, त्यात चहा ओतला आणि कौसल्याबाईच्या बाजूला जमिनीवर ठेवला.

मी निरोप सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "सूनबाई, तो गलास माका दी."

काकू म्हणाल्या, "आप्पा, तो तिचा आहे."

"म्हायत आसा."

आणि आप्पा उठले! दोन्ही पायांवर. दोन्ही हातांनी आपला निळ्या फुलांचा कप उचलला, चालत गेले, कौसल्याबाईच्या हातात दिला. खाली वाकून ग्लास घेतला आणि परत येऊन पलंगावर बसले.

परबकाका किंचाळले, "आप्पा! तुमची डावी बाजू!"

आप्पांनी ग्लासात फुंकर मारली. "डावी काल होती. आज उजवी. तू इन्स्पेक्शनवालो ना रे? दोन दिवसांत तुका काय दिसला नाय?"

काका कौसल्याबाईकडे बघत राहिले, तिच्या हातातल्या कपाकडे. ती कप धरून तशीच बसली होती, प्यावं की नाही कळत नसल्यासारखी. आप्पा म्हणाले, "पी गो. थंड होता." मग ती प्यायली.

मी निरोप न देताच पळाली. पायऱ्यांवर बसून आधी हसली. मग का कोण जाणे, हसू थांबलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी परबकाका आमच्या सोळा पायऱ्या चढून आले. खुर्ची न हलवता बसले! कौसल्याबाई पण तिथेच होती, कामावर जायच्या आधी आली होती. आत्याने विचारलं, "सोनलने निरोप दिला ना?"

"नाही दिला. पण कळला," काका म्हणाले. "आप्पांनी मला कपांचं सगळं सांगितलं. त्यांना ह्या बाईंनी सांगितलं होतं." मग माझ्याकडे बघून, "शुगर म्हणे!"

मी टेबलावरचं पीठ पुसायला घेतलं.

त्यांनी पिशवीतून स्टॅम्पपेपर काढून टेबलावर ठेवला. आत्याने त्याला हात लावला नाही. वहीवरचा हात पण काढला नाही. ती फक्त चहा ठेवायला उठली, कारण संशय असला तरी चहा विचारायचा.

चार कप आले. चारही कानवाले, आमच्याकडे दुसरे नाहीतच. काकांनी पिशवीत परत हात घातला आणि स्टीलचा ग्लास बाहेर काढला. आपला कप त्यात ओतला.

स्टीलचा ग्लास, उकळता चहा! काकांनी डाव्या हातात धरला, भाजला, उजव्यात घेतला, भाजला, परत डाव्यात. थेट आप्पांच्या लकव्यासारखं. पण खाली ठेवला नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.  खाली गिरणी घरघरत होती.

रिकामा ग्लास त्यांनी टेबलावर ठेवला.

कौसल्याबाईने तो उचलला. उलटा केला. बुडावरच्या नावावरून, बाजूच्या पोच्यावरून बोट फिरवलं. नीट दोनदा. मग आत्याकडे बघून म्हणाली, "ह्योच."

आत्या म्हणाली, "सोने, पेन दे."

मी पेन दिलं. टेबलावर स्टॅम्पपेपर होता आणि वही होती. आत्याने आधी वही ओढली आणि 'परब, बोळिंज'चं पान उघडलं.